मिनिटावर हजामत

आमचे हे न्हावी आणि गल्ल्यावर मी. सलूनमध्ये लोक केस कापायला कमी आणि गप्पा हाणायलाच जास्त यायचे. कुणाच्या मुलीचं ठरलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं आरशासमोर कळायचं. एक दिवस ह्यांना साक्षात्कार झाला, की गप्पांमुळे खुर्ची अडते. लगेच भिंतीवर भलंमोठं घड्याळ लागलं. खुर्चीत बसल्यापासून मिनिटाला पैसे!

लोकांच्या तोंडांना कुलपं लागली. यायचे, मान वाकवायचे, पळायचे. गल्ला भरू लागला, मग मी तरी कशाला तक्रार करते? शेजारची शिंपीण म्हणाली, "बिनपाण्यानं हजामत करताय की लोकांची!" आम्ही हसण्यावारी नेलं.

फक्त टकलू यायचा थांबला. हा ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. डोक्यावर केस औषधालाही नाही, तरी दर आठवड्याला शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. का बरं येत नसेल? मला राहून राहून कोडं पडायचं. हे म्हणायचे, "फुकट्या होता, गेला."

परवा तो आला आणि थेट खुर्चीत बसला. आता हा कापून घेणार काय? दाढी करायची म्हणावी, तर ह्यांनी लावलेला साबण त्यानं पुसून टाकला. हात लांबवून माझ्या हातात नोटा ठेवल्या. "वहिनी, तासाभराचे आहेत. मोजून घ्या."

"तासभर? अरे, करू काय तुझं?" ह्यांनी विचारलं.

"काही नको. ऐक फक्त." मग आरशातच बघत तो म्हणाला, "बायको गेली माझी. महिना होईल."

माझ्या बाळंतपणात त्या बाईनं माझ्यासाठी रात्री जागवल्या होत्या. एवढी माणसं ह्या खुर्चीत बसून गेली, कुणाला तरी ठाऊक असणारच. पण सांगत बसायला मिनिटं लागतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मला सांगितलं का नाहीस?" हे म्हणाले.

"त्याच दिवशी आलो होतो. तोंड उघडलं, तर तू घड्याळाकडे बोट दाखवलंस."

ह्यांनी माझ्या हातातल्या नोटा ओढून घेतल्या आणि त्याच्या खिशात कोंबायला गेले. त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे रे. पैसे भरलेत, म्हणजे मध्येच उठवणार नाहीस."