उताणं

"बाळ झोपवायचं ते पाठीवरच. उताणं. वर्षाचं होईपर्यंत," प्रशिक्षण द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची बाहुली उलटवून दाखवली.

"आणि पुढच्या वर्षी काय, उभं झोपवायचं?" मागून कुणीतरी पुटपुटलं. नर्सेसमध्ये खसखस पिकली.

पहिल्या रांगेतल्या मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची तीस वर्षं गेली होती. "आम्हाला पालथं शिकवलं होतं, मॅडम. उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरतं म्हणून."

"तेव्हा तसंच वाटायचं. मग हजारो बाळांच्या नोंदी तपासल्या. झोपेत दगावलेल्यांत पालथी बाळं कितीतरी जास्त निघाली. शास्त्र असंच पुढे जातं, सिस्टर. चूक सापडली की सुधारतं."

"सुधारतं खरं," म्हणून सिस्टरांनी वही मिटली.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला होता. तिची सासू त्याला उताणं ठेवायची. "हा अडाणीपणा पुरे," असं चारचौघांत सुनावून सिस्टरांनी स्वतःच्या हातांनी बाळ पालथं केलं होतं. तीन महिन्यांचं ते पोर एका दुपारी झोपेतच गेलं. बहिणीचा नेमका तेव्हाच डोळा लागला होता. 'आई घोरत पडली आणि पोर गेलं', नात्यागोत्यात सगळे हेच बोलत राहिले. नवऱ्यानंही ते कधी खोडून काढलं नाही. आणि सिस्टरांनी, तोंडानं नाही तरी मनातून, तिलाच बोल लावला होता.

प्रशिक्षण संपताच त्या गणवेशातच बहिणीकडे गेल्या. ती इस्त्री करत होती. सिस्टरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

बहिणीने इस्त्री बाजूला ठेवली. "म्हणजे त्यानंच गेला?"

"खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण तुझी चूक नव्हती."

"सासूबाई सांगत होत्या गं. मी म्हटलं, ताई शिकलेली आहे."

"मला तेव्हा..."

"माहीत नव्हतं. कळलं." तिचा आवाज चढला नाही. "पण मीच पोर घालवलं असं सगळे म्हणत होते, तेव्हा तू गप्प का बसलीस? तेही पुस्तकात लिहिलं होतं?"

बहिणीने शर्टाची दुसरी बाही पसरली. "जाताना दार ओढून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर वॉर्डातल्या एकेका पाळण्यापाशी जाऊन बाळं उताणी करत होत्या. कोपऱ्यातली पहिलटकरीण घाबरून उठून बसली.

"असंच बरोबर ना, सिस्टर? माझी आई तर पालथं म्हणते."

याआधी असं कुणी विचारलं असतं, तर सिस्टरांनी तिला उडवूनच लावलं असतं.

"आज तरी एवढंच कळलंय, बाळा," त्या म्हणाल्या. "तू पड जरा. मी आहे."

त्यांनी स्टूल पाळण्याजवळ ओढलं आणि त्या चिमुकल्या पोटाचं वरखाली होणं बघत बसल्या.