बेडूक की चहा

बाबांचा शेवटचा पूर्ण दिवस रविवार होता. त्यातले दोन तास मी शेडमधल्या त्यांच्या जुन्या पिकअपच्या मागे, पालथ्या बादलीवर बसून काढले. एका हातात टॉर्च, मांडीवर उघडं पुस्तक. बाबा फळकुटावर पाठ टेकून अर्धे गाडीखाली, अर्धे बाहेर. बाहेरच्या अर्ध्या भागाच्या चपला मात्र व्यवस्थित काढून बाजूला ठेवलेल्या, जणू ते कुणाच्या घरात शिरले होते.

आदल्या आठवड्यात गाडी मागे घेताना डावा दिवा फाटकाच्या खांबावर आपटून फुटला होता. भंगारवाल्याकडून दुसरा आणला होता आणि त्याच्या चार वायरी गाडीच्या चार वायरींना जोडायच्या होत्या. एवढंच काम. पण बाबांना लाल, हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नसत. "तिघं सख्खे भाऊ आहेत गं," ते म्हणायचे, "तोंडावळा एकच. कुणाला हाक मारली तर कोण ओ देईल सांगता येत नाही."

त्यामुळे मी सहा वर्षांची असल्यापासून रंग सांगणं हे माझं खातं होतं. तेव्हा मी रंगांना माझी अशी नावं दिली होती. तपकिरी म्हणजे चहा, हिरवा म्हणजे बेडूक, लाल म्हणजे जीभ, काळा म्हणजे कावळा. मी मोठी झाले, पुस्तकांची मुद्रितं तपासण्याची नोकरी करू लागले, शब्दाशब्दावरून लेखकांशी हुज्जत घालू लागले, तरी बाबांच्या गाडीत बेडूकच राहिला. प्रत्येक वायरीवर ते कागदी चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळायचे आणि सुतारी पेन्सिलीने त्यावर नाव लिहायचे.

त्यांना खात्रीचा वाटणारा रंग एकच, करडा. म्हणून आमच्या घरात ब्रश फिरला की करडाच फिरायचा. फाटक करडं, स्टुलं करडी, पत्रपेटी करडी. "एक दिवस झोपेत मलाही रंगवून टाकतील," आई म्हणायची, "आणि सकाळी शोधत बसतील, कुठे गेली म्हणून."

"हा कोण?" गाडीखालून बाबांनी विचारलं. "बेडूक की चहा?"

मी एका परिच्छेदाच्या मध्यावर होते. "बेडूक," मी म्हणाले.

खाली पेन्सिलीची खरखर झाली. बाबा एकदा बाहेर येऊन केबिनपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा खाली शिरले. मग पुन्हा पेन्सिलीची खरखर, पक्कडीचा आवाज, टेपचा चर्रर्र. मी पान उलटलं.

वायरी जोडून झाल्यावर बाबा केबिनमध्ये बसले आणि मी मागे उभी राहिले. टेल लॅम्प लावला तर तो मिणमिणला. ब्रेक दाबला तर ब्रेकचा दिवा धड लागेना, आणि भरीस भर म्हणून शेजारचा इंडिकेटरही अंधुक उजळला. कुठली तरी वायर भलत्याच वायरीला जोडली गेली होती, असं मला वाटलं. कोणती वायर ते मला लगेच कळलं, कारण त्या वायरीकडे मी बघितलंच नव्हतं. न बघताच बोलले होते.

बाबा उतरून मागे आले, कमरेवर हात ठेवून दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डोळ्यांचीच करामत माझ्या. जाऊ दे, उद्या बघू. तू जा, तुझं पुस्तक खोळंबलंय."

आणि मी गेले. चार शब्द होते सांगायचे, तेवढेही न सांगता.

सोमवारी सकाळी आई चहा घेऊन बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात गेली तेव्हा बाबा रंध्याच्या टेबलापाशी खाली बसलेले होते, भिंतीला टेकून. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

त्याला आता सहा आठवडे झाले. कारखान्यात, भिंतीशी, चादरीखाली, शाळेच्या वाचनालयासाठी केलेलं सात फुटी कपाट उभं होतं. पॉलिशसकट तयार. बाबांच्या हातचं शेवटचं काम. शाळा म्हणाली आम्ही टेम्पो पाठवतो, पण आईने साफ नकार दिला. "त्यांची कपाटं त्यांच्याच गाडीतून गेली आजवर. हेही जाईल. मी चालवीन." आईला गाडी चालवता येते, बाबांपेक्षा बरीच, आणि हे ती त्यांच्या देखतही सांगायची. पण मागचा दिवा नीट झाल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढणार नव्हती. शुक्रवारी कपाट पोचवायचं होतं.

बुधवारी गाड्यांची वायरिंग करणारा माणूस आला. त्याने मागची झाकणपट्टी काढली, आत डोकावला, आणि वाचू लागला.

"कावळा... जीभ... ताई, हे काय आहे?"

"रंग आहेत."

"बेडूक?"

"हिरवा."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आमच्याकडे असंच असतं." आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. तो बिचारा अवघडला. म्हणाला, "ही सगळी उपटून टाकू आणि नवीन ओढू. दोन तासांचं काम आहे. जुन्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण तो लगेच पान्हे गोळा करू लागला.

तो गेल्यावर आई म्हणाली, "मग आता कोण करणार? तू?"

"मी. चूक माझी आहे."

"कसली चूक?"

"आधी बघू दे."

मी तीच बादली पालथी घातली. मला एकच गोष्ट हवी होती. ती वायर सोडवायची, बरोबर जागी लावायची, आणि बाबांनी जी चूक स्वतःवर घेतली ती त्यांच्यावरून उतरवायची. चष्मा पुसला. टॉर्च दातांत धरला. टेपचं टोक सापडेना, कारण बाबा टेप गुंडाळत ती सुटू नये म्हणूनच. शेवटी नखाने उचललं आणि वेढे उलगडत गेले.

आत कागदी पट्टी होती. तिच्यावर 'बेडूक' लिहिलेलं होतं, आणि त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती. खाली, त्याच बोथट पेन्सिलीने, 'चहा'.

मी वायर उजेडात धरली. चहा. तपकिरी. आणि ती जोडलेलीही तपकिरीलाच होती. उरलेल्या तिन्ही तपासल्या. चारी जोड बरोबर होते.

"आई," मी टॉर्च दातांतून काढून म्हणाले, "बाबांना रंग कसा कळला?"

"रंग कुठे कळतोय त्यांना! तो दोन वायरींचा बल्ब आहे ना, तो लावून बघायचे. कोणता खटका दाबला की कोणत्या वायरीत करंट येतो ते. अगं, तुझ्या भरवशावर त्यांनी जन्मात एक वायर जोडली नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर गाडी पेटवून घेतील का?"

"मग मला विचारायचे कशाला?"

आई केबिनच्या पायरीवर बसली होती. तिने पदराने गुडघ्यावरची धूळ झटकली. "त्यांना आवडायचं," ती म्हणाली. "गाडीखाली एकटं वाटतं म्हणायचे."

मी पट्टीवरच्या त्या रेघेकडे बघत बसले. म्हणजे मी बघत नव्हते हे त्यांना कळलं होतं. जोडण्याआधीच. तरी मागे येऊन ते माझ्यासमोर डोळ्यांना दोष देऊन मोकळे झाले.

पण मग दिवा का मिणमिणत होता?

"आई, ब्रेक दाब."

"दाबला."

ब्रेकचा दिवा अर्धा, इंडिकेटर पाव. सगळेच थोडेथोडे, कुणीच धड नाही. वायरींची अदलाबदल झाली असती तर एकाऐवजी दुसरा लखलखीत लागला असता. हे असं मिणमिणणं कधी होतं ते बाबांनी मला शंभरदा सांगितलं होतं आणि मी शंभरदा 'हं' म्हटलं होतं. करंट येतो, पण परत जायला वाट नसते, मग तो शेजाऱ्यांच्या घरातून वाट काढतो. म्हणजे कावळा. अर्थिंगची काळी वायर. तिचं दुसरं टोक एका बोल्टखाली, गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेलं होतं.

मी टॉर्च तिकडे वळवला आणि हसूच फुटलं.

सांगाडा करडा होता. दिवा बसवण्याआधी, आता खोललंच आहे तर, म्हणून बाबांनी मागची सगळी चौकट रंगवली होती. सुरेख, दोन हात, एक ओघळ नाही. बोल्टची जागाही. आणि त्या जाड, वाळलेल्या रंगावर काळ्या वायरीचं टोक आवळून टाकलं होतं. लोखंडाला ते टेकतच नव्हतं.

"काय झालं?" आई ओरडली. "हसतेस काय?"

"रंगवलंय, आई! अर्थिंगची जागा रंगवलीय!"

"कोणत्या रंगाने?" आईने विचारलं, आणि मग तीही हसत सुटली. स्टीअरिंगवर हात आपटत म्हणाली, "तरी मी म्हणत होते! मी वाचले!"

सुताराच्या घरात पॉलिश पेपरला तोटा नसतो. बोल्ट काढला आणि नाण्याएवढी जागा घासली. करडा रंग पिठासारखा मनगटावर पडत राहिला आणि खालून पांढरं, चकचकीत लोखंड उघडं झालं. बाकीच्या रंगाला मी हात लावला नाही. वायर परत आवळली. जोडावर टेप गुंडाळली, बाबांसारखी, टोक सापडणार नाही अशी. रेघ मारलेली पट्टी आत होती तिथेच ठेवली.

उठून मागे उभी राहिले, त्या रविवारी होते तिथेच.

"दाब!"

दिवा लागला. पूर्ण, लालभडक, संध्याकाळच्या उन्हातही डोळ्यांत भरेल असा. इंडिकेटर गप्प होता. शेडची मागची भिंत, करडं स्टूल, माझे करडे झालेले हात, सगळ्यावर लाली आली. परवा या दिव्याच्या वर, गाडीत कपाट बांधलेलं असेल आणि आई नेहमीपेक्षा हळू चालवेल, हे मला आत्ताच दिसत होतं.

"लागला का गं?" आईने आतून विचारलं. "सांग तरी! कोणता लागला?"

"जीभ," मी म्हणाले. मग फळकुट अजून गाडीखाली होतं तिकडे बघून, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, मी बघितलं नव्हतं. पुस्तक वाचत होते. पण तुम्ही विचारायचात ते मलाही आवडायचं."