अर्धी पिशवी

लावणी आटपली आणि खाचरातलं पाणी उतरायला लागलं. खेकड्यांनी, आमच्याकडच्या चिंबोऱ्यांनी, बांध पोखरला होता. सकाळी बुजवलेली बिळं संध्याकाळी पुन्हा उघडी. शेवटी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोठ्याच्या आढ्यावरून जुन्या दाणेदार औषधाची पिशवी काढली. मी तान्ह्या मनीला पाजत दारात बसले होते.

“बाबा, त्याच्यावर बंदी आलीय.”

“बंदी इकायला. घरात पडलेलं वापरायला कोन नाय म्हनतो?”

“खालच्या ओढ्याचं पानी वाडीतली मानसं पितात.”

“मंग भात वाळू दे. वरीसभर काय शिजवशील गो, बंदी?”

मग ठरलं: औषध फक्त बिळांत, वर चिखलाचा गोळा घट्ट दाबायचा, आणि आधी वाडीत सांगायचं की या बांधावरच्या चिंबोऱ्या धरू नका. “सांगतो,” बाबा म्हणाले.

दोन दिवसांनी सकुबाई ओसरीवर आली. वाडीतली म्हातारी, माझ्या बाळंतपणात तिनंच माझं अंग चोळलं होतं. पळसाच्या पानांत चिंबोऱ्या गुंडाळून आणलेल्या.

“घे दर्शना, कढण कर. पोरीला दूध पुरंल.”

“कुठल्या गो मावशे?”

“तुमच्याच बांधावरच्या. यंदा लय गरीब झाल्यात. नांगी धरली तरी चावत नाय.” ती हसली.

मी बाबांकडं पाहिलं. “वाडीत सांगितलं ना?”

त्यांच्या हातातली विडी तशीच राहिली. “बंदीचं औषध. कुनी पंचायतीत नेलं असतं तर?”

“मावशे, घरी ठेवल्यास?”

“ठेवल्यात की, नातवंडांना. सुनेनं चुलीवर चढवल्या पन असतील.”

बाबा अनवाणीच वाडीकडं धावत सुटले. मी सकुबाईला खरं सांगितलं. ती पदर खोचून त्यांच्यामागं गेली.

सकुबाईच्या चुलीवर टोप उकळत होता. बाबांनी तो लाथेनं उलथवला. पाय भाजला, पोरं वाचली. सकुबाई मात्र आता आमच्या दारावरून जात नाही.

बांध अजून गळतो. उरलेली अर्धी पिशवी आढ्यावर तशीच आहे. पुरावी तर माती आमचीच, ओतावी तर खाली ओढा, जाळावी तर धूर वाडीवर. बाबा येता-जाता तिच्याकडं बघतात, मी मनीकडं. ती आता पालथी पडते. भात कापायला येईल तेव्हा रांगत असेल.