उजाडलं तरी पेटलेली बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. बटण दाबलं की लागणारी, सेलवर चालणारी, हातात धरायची बॅटरी. पण मला ट्रंकेत किंवा खुंटीवर शोधू नका, तिथं मी सापडायची नाही. मी राहते कॉम्प्युटरमधल्या एका खेळात. त्या खेळात एक माणूस अनोळखी रानात अडकलाय, रात्र झालीय आणि त्याच्याजवळ माझ्याशिवाय दुसरं काही नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, ठाऊक नाही. ज्यानं मला घडवलं त्यानं मला उजेडाचा एक गोल दिला. पडद्यावर तो गोल पडेल तेवढंच दिसतं, बाकी काळंकुट्ट. सेल उतरले की गोल पिवळा पडतो, मग विझतो, आणि झाडीतून एक जनावर येतं. पुढचं सांगत नाही. सेल शोधायचे, मला जपून वापरायचं आणि उजाडेपर्यंत तग धरायचा. उजाडलं की न्यायला एक जीप येते. एवढाच खेळ.

माझा गोल काचेतून बाहेर खेळणाऱ्याच्या तोंडावरही पडतो. म्हणून मला माणसं दिसतात. घाबरलेलीच जास्त दिसतात म्हणा!

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. एका सीडीवर बसून मी शिरूरला आले. एसटी स्टँडच्या मागं गोकुळचं गेमचं दुकान होतं. कॉलेजची पोरं यायची, मला पेटवायची आणि तशीच ठेवायची. गोकुळ मागून ओरडायचा, "आरं, बंद कर की ती बॅटरी! सेल संपत्यात!" पण ऐकतंय कोण? जनावर आलं की किंचाळायचं, हसायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिथं मला कधी कुणी आपणहून बंद केलं नाही. एक तर सेल संपायचे, नाहीतर माणूस. आणि गावात लोडशेडिंग झालं की लाईटीबरोबर मीही जायचे. अंधारात जिचा उपयोग व्हायचा ती बॅटरीच गुल! माझंच मला हसू यायचं.

पुढं दुकान चालेना. गोकुळनं एक कॉम्प्युटर दौंडच्या करुणाला विकला. आतलं पुसून द्यायचा त्याला कंटाळा आला, म्हणून मीही बरोबर आले.

करुणाचं घर रेल्वे कॉलनीत. पुढच्या खोलीत ती लग्नपत्रिका टाईप करायची, जयंतीची हँडबिलं करायची. तिचे वडील महेंद्र यार्डात पॉइंट्समन होते. डबे जोडायचे, सोडायचे, इंजिनाला दिव्यानं इशारा द्यायचा, हे त्यांचं काम. अख्खी हयात दिवा हातात धरण्यात गेलेली.

एका दुपारी हातात काम नव्हतं म्हणून करुणानं मला उघडलं. रात्रपाळी करून आलेले महेंद्र मागं कॉटवर चहा पीत होते.

"बॅटरी हाय की ही!" ते उठून जवळ आले. "आण हिकडं."

माऊस त्यांच्या हातात आला आणि थोड्याच वेळात जनावरही आलं. आता शिरूरची पोरं असती तर पळाली असती. महेंद्र जागचे हलले नाहीत. त्यांनी मला जोरजोरात आडवं हलवायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. यार्डात कुठलाही दिवा असा हलवला की इंजिन जागच्या जागी थांबतं. जनावर कसलं थांबतंय! त्यानं आम्हा दोघांचा फडशा पाडला.

"आरं, थांब म्हणतोय ना! ह्याला सिग्नल कळत न्हाई व्हय?"

करुणा हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मला मात्र तो माणूस त्या क्षणी आवडला. इतक्या विश्वासानं मला कुणी हातात धरलंच नव्हतं.

त्यानंतर सुट्टीच्या दुपारी ते माझ्याकडं यायला लागले. शिकलेही पटकन. रुळांखालच्या स्लीपरवरून चालताना दिवा पायाशी धरतात, तसं मला खाली धरायचे. क्षणभर लावायचे, बघायचे, विझवायचे. लावून, बघून, विझवून शिरूरच्या कुठल्याही पोरापेक्षा त्यांनी मला रानात आत नेलं.

फक्त एक होतं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात माझे सेल किती उरलेत ते दाखवणारी पट्टी असते. ती त्यांच्या ध्यानातच यायची नाही.

"आप्पा, कोपऱ्यात बघा की. सेल संपत आलेत."

"व्हय, व्हय," म्हणून ते अख्खी मान वळवायचे. मग पट्टी दिसायची. करुणाला वाटायचं, यार्डातली सवय आहे. रूळ ओलांडताना मान दोन्हीकडं वळवायचीच असते.

एकदा ती पत्रिका द्यायला बाहेर गेली होती. महेंद्र एकटेच माझ्या गोलाकडं बघत होते. इतका उकाडा असून त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. एकटे आहेत म्हणून त्यांनी बाही वर सारली, तर कोपराला मोठं खरचटलेलं दिसलं. ते हळूच म्हणाले, "हितं बरंय. हितं समद्यांनाच एवढंच दिसतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या माणसाला भर दिवसाही जग माझ्या गोलाएवढंच दिसत होतं! कडेचं सगळं अंधारात गेलं होतं, आणि हाच माणूस रोज सरकत्या डब्यांमध्ये शिरत होता. कोपर कशानं खरचटलं ते मला कळलं. पण सांगणार कुणाला? मला उजेड दिलाय, तोंड नाही दिलं.

मग एके दिवशी त्यांनी ती रात्र काढली. करुणा शेजारी श्वास रोखून बसली होती. रानात उजाडलं. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळला, झाडं हिरवी झाली आणि डावीकडं जीप येऊन उभी राहिली.

"जिंकलात आप्पा!" तिनं टाळी वाजवली. "बंद करा आता बॅटरी."

महेंद्रांनी मला बंद केलं नाही. भर उन्हात ते मला फिरवत राहिले. एक झाड बघितलं, मग दुसरं, मग पायाखालची वाट. जीप थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

करुणाची पुढची टाळी हातातच राहिली. "आप्पा, जीप दिसली न्हाई तुम्हाला?"

"कुठली जीप?"

तिनं त्यांच्या डाव्या कानाच्या जरा पुढं बोटं हलवली. ते पडद्याकडंच बघत होते. तिनं बोटं पुढं आणली, आणखी पुढं आणली. नाकासमोर आली तेव्हा कुठं ते दचकले.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"झालं वरीसभर."

"आन् यार्डात?"

"तिथं आवाजावर कळतं मला."

"ढकलून सोडलेल्या डब्याला कसला आवाज आप्पा? तुम्हीच सांगता ना, तो गुपचूप येतो म्हणून?"

महेंद्रांनी माऊस सोडला. "मेडिकलमधी नापास केलं म्हंजी? काम जाईल, क्वार्टर सोडाय लागंल. तुझं लगीन व्हायचंय आजून."

"क्वार्टर गेलं तर दुसरीकडं ऱ्हाऊ. तुम्ही गेलात तर कुठं जाऊ मी?"

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. मी उन्हात तशीच जळत होते. जळू दे म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना पुण्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली राखता येईल, थेंब मात्र जन्मभर घालायचे. महेंद्रांनी ऑफिसात आपणहून सांगितलं. त्यांना यार्डातून काढून टेबलाच्या कामावर बसवलं. क्वार्टर राहिलं. "नुस्ता फोन उचलाय बसवलंय मला," म्हणून ते काही महिने फुगून होते. पण संध्याकाळी धडधाकट घरी येत होते आणि दार उघडताना करुणाचा चेहरा फुललेला असायचा.

आता मी म्हातारी झालेय. कॉम्प्युटर घरघरतो, मध्येच बंद पडतो. उद्या भंगारवाला येणार आहे. म्हणून आजच सांगून घेते. तुमच्या घरात कुणी बाजूचं बघायलाही अख्खी मान वळवायला लागलं, उंबऱ्याला ठेचकाळायला लागलं, तर वय झालं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. शेजारी बसा. काय दिसतंय ते विचारा, काय दिसत नाही तेही विचारा.

आज दुपारी करुणानं मला शेवटचं उघडलं. लग्न होऊन ती वरवंडला गेलीय, दोन दिवसांसाठी माहेरी आलीय. तिनं आधी वडिलांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि मग माऊस त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही बॅटरी धरा. कडंचं मी सांगते."

"सिग्नल नीट दे पण," ते म्हणाले.

दोघांनी मिळून रान पार केलं. ती म्हणायची "डावीकडं", की ते मला डावीकडं वळवायचे. उजाडलं. ऊन पडलं.

"आप्पा, डावीकडं जीप."

त्यांनी मला वळवलं. गोल जीपवर जाऊन थांबला.

"दिसली," महेंद्र म्हणाले. आणि काम झालं म्हणून त्यांनी मला आपल्या हातानं बंद केलं.