किल्ली बर्फात, कुलूप सोहारात

मी एक जुने लाल कुलूप आहे. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणावे असे फार मनात आहे. पण नीट ओळख झाल्याशिवाय मी कोणालाही मित्र म्हणत नाही. रागावू नका. संशय घेणे हेच माझे काम होते आणि ते मी जन्मभर मन लावून केले. ही हकिगत संपेपर्यंत तुम्हाला पारखून घेतो, मग बघू.

घराला किंवा कपाटाला लागणारे कुलूप चोरावर संशय घेते. माझा संशय असतो यंत्रावर. ओमानमध्ये सोहार बंदराजवळच्या एका कारखान्यात मी आलो, तेव्हा माझा रंग टोमॅटोसारखा चकचकीत होता. त्या कारखान्यात दगडमाती वाहून नेणारे लांबच लांब पट्टे होते. त्यांच्या आत शिरून कोणी दुरुस्ती करणार असेल, तर आधी वीज बंद करायची आणि बंद केलेल्या खटक्याला त्या माणसाने स्वतःचे कुलूप घालायचे. किल्ली एकच, आणि तीही त्याच्याच खिशात. तो बाहेर येऊन मला काढत नाही, तोवर खुद्द अर्बाब, म्हणजे मालक आला तरी पट्टा हलत नसे.

माझा माणूस होता कुडाळचा गजेंद्र. यंत्रे दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, आणि नाही म्हणायला संकोचणारा. दिवस संपला की तो मला डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेई. घरी त्याची बायको तृप्ती आधी पिशवी उघडायची. डबा धुवायला काढायची आणि मला हाताने चाचपायची. मी पिशवीत आहे याचा अर्थ मी कुठल्या यंत्रावर लटकलेलो नाही, आणि तिचा माणूस कुठल्या यंत्रात अडकलेला नाही. मग ती मला फ्रिजवर ठेवी आणि चहा टाके. माझे कौतुक म्हणाल तर एवढेच. पण मला ते पुष्कळ होते.

पहिली काही वर्षे मला वाटे, की मी लागलो म्हणजे सगळे सुरक्षित. हा गर्व एका रमजानमध्ये उतरला.

कडक उन्हाळा होता. वीज बंद करणारा महमूद हा सोहारचाच होता आणि दिवसभराच्या उपासाने त्याचे ओठ सुकले होते. सूर्य मावळायला आला होता. महमूदने खटका पाडला, गजेंद्रने मला त्यावर अडकवले.

“गजेंदर, खलास! बंद है,” महमूद म्हणाला. “यल्ला, जल्दी कर ले.”

कुलूप लावल्यावर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचे, सुरू करण्याचे बटण दाबायचे आणि पट्टा खरेच मेलेला आहे ना ते पाहायचे, असा नियम होता. आता तेवढे चालत जायचे म्हणजे महमूदचा उपास सोडायला उशीर होणार. शिवाय, तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही, असे तोंडावर सांगितल्यासारखे होणार. गजेंद्र घुटमळला. एक हात त्याने पट्ट्याखाली नेलासुद्धा. मग काय वाटले कोण जाणे, तो मुकाट्याने निघाला, टोकाला गेला आणि बटण दाबले.

पट्टा धडधडत सुटला.

मी शेजारच्या पट्ट्याच्या खटक्यावर बसलो होतो. उपासाच्या ग्लानीत महमूदने भलताच खटका पाडला होता, आणि मी त्यावर ऐटीत लटकत होतो. बांग झाली तरी महमूद जागचा हलला नाही. गजेंद्रनेच आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. महमूदने खिशातून खजूर काढून आधी एक गजेंद्रला दिला आणि मग आपला उपास सोडला. त्या दिवसापासून मी स्वतःवरही संशय घेऊ लागलो.

पुढे तेलाचे भाव पडले. २०१६ साली कारखान्याने काम कमी केले आणि वर्ष संपताच तुमचा करार संपेल, असे गजेंद्रला सांगितले. करार संपला की राहण्याची परवानगीही संपते. मुलगी पूर्वा सहावीत होती. आता जायचे कुठे?

गजेंद्रने एक वेगळीच वाट शोधली. थंड देशांत, जिथे लोक पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येतात, अशी डोंगरातली गावे असतात. त्यांना पुन्हा वर न्यायला तारेवरून पाळणे चालतात. मोठे चाक, जाड दोर, मोटर. गजेंद्रला हे सारे ओळखीचे होते. अशा तीन गावांनी त्याला उत्तर दिले. पूर्वाने त्यांची चित्रे फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि नावेही ठेवली: लाल छपरांचे गाव, तळ्याचे गाव आणि घंटेचे गाव.

“बाबा, तिकडे स्नो खायला अलाउड आहे?” तिने विचारले.

“आधी गाव ठरू दे, मग खा.”

मी फ्रिजच्या वर होतो. चित्रे मला दिसत नसत, नुसती वर्णने ऐकू येत. त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला. घंटेचे गाव लवकरच गळले, कारण तिथल्या शाळेची भाषाच कोणाला येत नव्हती. उरली दोन.

लाल छपरांच्या गावात सागर होता. तोही कुडाळचा. पूर्वी ओमानमध्येच, बरका गावी, एका हॉटेलात स्वयंपाकी होता, आता त्या गावातल्या हॉटेलात. त्यानेच वरिष्ठांकडे गजेंद्रसाठी शब्द टाकला होता. फोनवर त्याचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमायचा.

“गजा, डोळे झाकून ये! मी आसंय मां हंय! घर शाळेच्या समोर. आणि वैनी, हंय कढीपत्तो सुद्धा गावता!”

तृप्ती खुलली. मी मात्र गार पडलो. डोळे झाकून! जगात इतके उघडे डोळे असताना ते झाकायला का सांगावे लागते?

तळ्याच्या गावाचे सगळे उलट. तिकडून उत्तर उशिरा येई, आणि त्यातही नुसते प्रश्न. घर लहान, ओळखीचे कोणी नाही. ‘तुमचे स्वागत आहे’ एवढेसुद्धा कोणी लिहिले नव्हते. मी त्यांच्यावरही संशय घेतला. पक्षपात मला जमत नाही.

घरातली हवाही बिघडली. गजेंद्र आपल्याला कुडाळला पाठवून एकटाच जाणार, असे तृप्तीला वाटू लागले. तृप्ती कढीपत्त्यावर गाव ठरवते आहे, असे गजेंद्रला वाटू लागले. नवरा-बायको एकमेकांकडे तिरके पाहू लागले, आणि ज्यांच्याकडे निरखून पाहायचे, ती चित्रे फ्रिजवर खुशाल हसत राहिली.

एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी लाल छपरांच्या गावाचा मुख्य माणूस लॅपटॉपवर बोलायला आला. गोरापान, दिलखुलास. हातात फोन धरून तो चालत चालत यंत्रघरात शिरला आणि कौतुकाने दाखवू लागला. घराएवढे चाक होते. दोन माणसे शिडीवर चढून त्याच्या आऱ्यांत हात घालून काम करत होती. भिंतीवर खटक्यांच्या पेट्या होत्या. त्यांवर काहीच नव्हते.

गजेंद्रची नजर त्या पेट्यांवर खिळली. त्याने घसा खाकरला, पण विचारले नाही. का, ते मला ठाऊक होते. सागरने शब्द टाकला होता. गावच्या माणसाने दिलेल्या शब्दाची पारख करायची, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटे पाडायचे. रमजानमधला तोच संकोच पुन्हा आडवा आला होता.

तृप्ती चहाचा कप घेऊन त्याच्या मागे उभी होती. तिला यंत्रातले काही कळत नव्हते. पण इतकी वर्षे रोज पिशवीत हात घालून तिने जे शोधले होते, ते तिला पडद्यावर कुठेच दिसेना.

“अहो, कुलूप कुठंय?” ती हळूच म्हणाली.

“नंतर बोलू,” गजेंद्र पुटपुटला.

तृप्तीने कप खाली ठेवला. मला फ्रिजवरून उचलले आणि सरळ कॅमेऱ्यासमोर धरले. “सर, हे?” तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले. “तुमच्याकडे हे कुठे असतं?”

तो माणूस मनापासून हसला. “मॅडम, आम्ही सगळे इथे एका घरातले. आत कोणी असलं की ओरडून सांगतो. कुलूप वगैरे लागतच नाही!”

तृप्तीने त्याचे आभार मानले. बोलणे संपले. तिने मला पुन्हा फ्रिजवर ठेवले, आणि खाली दारावरून लाल छपरांचे चित्र ओढून काढल्याचा आवाज मला ऐकू आला.

“अगं, पण सागरला काय वाटेल? आणि तुझा कढीपत्ता?”

“सागर भाजी चिरतो तिकडे,” तृप्ती म्हणाली. “चाकात हात तुम्ही घालणार. कढीपत्त्याशिवाय आमटी होते हो.”

पुढच्या शुक्रवारी तळ्याच्या गावातली मुख्य बाई उशिराच आली. कपाळाला ग्रीस लागलेले, चेहरा गंभीर. “माफ करा,” ती म्हणाली. “काम पुरं करून माझं कुलूप काढल्याशिवाय मला येता येत नव्हतं.” तिच्यामागे फळीवर ओळीने कुलपे टांगलेली होती आणि प्रत्येकाखाली त्याच्या माणसाचा फोटो. मग तिने तिच्या रीतीप्रमाणे प्रश्नच विचारला. “कुलूप लावल्यावर तुम्ही काय करता?”

“सुरू करायचं बटण दाबून बघतो.”

“का? तुमचा तुमच्या कुलपावर विश्वास नाही?”

गजेंद्रने माझ्याकडे पाहिले. “नाही,” तो म्हणाला.

ती बाई तेव्हा पहिल्यांदा हसली. दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर मला अपमान वाटला असता. पण गजेंद्रच्या तोंडून ते ऐकताना माझा ऊर भरून आला.

सागर रुसला. किती तरी महिने तो गजेंद्रचा फोन घेत नव्हता. मला हेही सांगितले पाहिजे, की लाल छपरांच्या गावात काही वाईट घडल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. कदाचित कधी घडणारही नाही. मीही त्याच आशेवर आहे. पण तिथे चाकात हात गजेंद्रचा असता.

नियमाप्रमाणे कुलूप कारखान्याचे. शेवटच्या दिवशी गजेंद्रने मला महमूदच्या हातावर ठेवले आणि किल्ली काढायला खिशात हात घातला.

“ताला कंपनी का है,” महमूद भिंतीकडे बघत म्हणाला. “चाबी मैंने देखी नहीं.”

गजेंद्रने माझी कडी दाबून मला बंद केले, आणि किल्ली तशीच खिशात राहू दिली.

आता मी नव्या कामगारांच्या शिकवणीच्या खोलीत एका खुंटीला कायमचा अडकलेलो आहे. रंग उडाला, कडीला गंज चढला. पोरे येतात, मला ओढून बघतात, हसतात, विसरतात. महमूद मात्र विसरत नाही. नवीन तुकडी आली, की माझ्याकडे बोट दाखवून तो भलत्या खटक्याची गोष्ट स्वतःच सांगतो. मध्ये एकदा त्याने मला आपल्या फोनवर आलेला फोटो दाखवला. खिडकीबाहेर पांढरेशुभ्र डोंगर, आत पूर्वा गालात बर्फ कोंबून बसलेली. टेबलावर डब्याची पिशवी, तृप्तीचा हात तिच्यात, आणि शेजारी एक नवे पिवळे कुलूप. रंग मला जरा भडकच वाटला. मी त्याच्याकडे बराच वेळ संशयाने पाहिले. मग पिशवीतला तो हात पाहिला आणि तेवढ्यापुरता संशय मागे घेतला.

तेव्हा एवढे ऐका. घरचा असो की दारचा, एखादा माणूस तुम्हाला सांगेल की बंद आहे, काळजी करू नको. त्याच्याकडे बघून हसा. त्याचा मान ठेवा. आणि मग चालत जाऊन बटण एकदा दाबून बघा. त्यात त्याचा अपमान नाही. तुमची पिशवी रोज कोणीतरी उघडून बघणार आहे, त्या माणसासाठी तेवढे चालायचे.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेत. चला, मित्रांनो म्हणायला आता हरकत नाही.