छेदाला हिंदीत काय म्हणतात

लढाई सुरू होती. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रामकृष्णाला नोकरी लागली आणि त्याच्या मागोमाग त्याची बायको सत्यभामा आर्वीहून जबलपूरला आली. आर्वीच्या मराठी शाळेत ती गणित शिकवायची. चेरीतालला घराजवळच्या मुलींच्या शाळेत गणिताची बाई हवी होती, पण शाळा हिंदी. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे ‘बड़ी बहनजी’ म्हणत. त्या म्हणाल्या, “पहले एक पाठ पढ़ाकर दिखाइए.”

सत्यभामेने फळ्यावर तीन चतुर्थांश लिहिले आणि खालच्या चारावर बोट ठेवलं. “यह इसका छेद है.”

वर्गात हशा पिकला. “बहनजी, छेद तो बाल्टी में होता है!” एक मुलगी ओरडली.

हिंदीत छेद म्हणजे भोक, हे तिला कुठे ठाऊक! घाईघाईने ती साध्या हिशेबाकडे वळली, तर तोंडून ‘हातचा’ निघालं, मग ‘वजाबाकी’. मुली नुसत्या बघत राहिल्या. तास संपल्यावर बड़ी बहनजी म्हणाल्या, “गणित आपका पक्का है. पर लड़कियाँ समझें कैसे? सोमवार को फिर आइए.”

संध्याकाळी रामकृष्णाने विचारलं, “काहून रडून राहिली?”

“मुली हसल्या मला. एक शब्द धड येत नाही मला इथला.”

“मग शेजारच्या अंजनीकाकूंना विचार ना. त्या तर इथल्याच जन्माच्या.”

अंजनीकाकूंच्या मराठी घराण्याच्या कितीतरी पिढ्या जबलपुरात गेल्या होत्या. त्या तूर निवडत बसल्या होत्या. “बैठो, बैठो,” म्हणत त्यांनी पाट सरकवला. “बेरीज म्हणजे जोड़, वजाबाकी म्हणजे घटाना. हातचा म्हणजे हासिल. अपूर्णांकाला भिन्न म्हणतात, आणि तुझ्या छेदाला हर.”

“हर काहून?”

“ते काय माहीत! शाळेत घोकायला लावलं, घोकलं. अच्छा, तुमच्यात छेद काहून म्हणतात?”

इतकी वर्षं शिकवूनही सत्यभामेला हे कुणी विचारलं नव्हतं. “छेदणं म्हणजे कापणं,” ती सावकाश म्हणाली. “अख्ख्याचे किती सारखे भाग केले ते छेद सांगतो. त्यातले आपण किती घेतले, तो अंश.”

काकूंचा सुपातला हात थांबला. “अगं बाई! मी तर वर तीन, खाली चार, एवढंच पाठ केलं होतं. हेच सांग मुलींना. मोडकीतोडकी हिंदी चालते.”

सोमवारी तिने दोन पोळ्या फडक्यात बांधून नेल्या. फळ्यावर एक द्वितीयांश आणि एक चतुर्थांश लिहून विचारलं, “बड़ा कौन?”

“चारवाला!” अख्खा वर्ग ओरडला. चार दोनापेक्षा मोठेच की!

सत्यभामेने एका पोळीचे दोन तुकडे केले, दुसरीचे चार. सुखरानी नावाच्या मुलीला पुढे बोलावून तिच्या एका हातात अर्धी दिली, दुसऱ्यात पाव पोळी. सुखरानीने आळीपाळीने दोन्ही हातांकडे पाहिलं.

“बहनजी, चारवाले में तो कम मिला!”

“काहून?” सत्यभामेच्या तोंडून निघून गेलं. मुली पुन्हा हसल्या. या वेळी तीही हसली.

“खानेवाले ज़्यादा हैं न,” सुखरानी म्हणाली. “बहनजी, हर माने... हर एक का हिस्सा?”

“यह शब्द कहाँ से आया, मुझे नहीं मालूम. किसी से पूछूँगी. पर बात तुम्हारी समझ में आ गई.”

शाबासकी मिळाली तशी सुखरानीने अर्धी पोळी तिथेच खायला सुरुवात केली. मागे बसलेल्या बड़ी बहनजी उठल्या. “कल से आइए. और चौथी को भी यही पाठ पढ़ाइएगा.”

सत्यभामा घरी न जाता आधी काकूंकडे गेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, हातावर गूळ ठेवला आणि जरा संकोचून म्हणाल्या, “आता एक सांग. ते शेकडा, शेकडा म्हणतात, ते काय असतं?”

सत्यभामा पदर खोचून त्यांच्यासमोर बसली. “काकू, समजा शंभर आंबे आहेत...”