खांद्याला सोसेल ते काडतूस

साकुमांच्या घरात शेवटचा शब्द मीनाक्षीबाईंचा असे, आणि बहुतेक वेळा पहिलाही. कोल्हापूरची ही लेक जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात शिकायला आली आणि शिगेरु साकुमांशी लग्न करून शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहिली, त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली होती. सासूबाईंनी त्यांना मानाने वागवलं, कारण दुसरा पर्याय त्यांनी सासूबाईंना ठेवलाच नव्हता. एकुलता एक मुलगा केन चाळीस वर्षांचा झाला तरी आईसमोर पाय पसरून बसत नसे.

शिगेरु सगळ्या बाबतीत बायकोचं ऐकत; फक्त शिकारीचा विषय त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. दर हिवाळ्यात ते रायफल घेऊन डोंगरात जात. रानडुकरं भाताची खाचरं उकरून टाकत, हरणं कोवळी झाडं सोलून काढत, आणि गावाला शिकारी हवेच असत. आता जायचं तर केनला घेऊन, केनच्या हाती त्याची स्वतःची रायफल देऊन, एवढीच एक इच्छा उरली होती.

पण जपानात रायफल मागितली म्हणून मिळत नाही. आधी दहा वर्षं छर्‍यांची बंदूक परवान्यानिशी अखंड बाळगावी लागते. मध्ये खंड पडला की मागची सगळी वर्षं पाण्यात. केनची दहा वर्षं येत्या ऑगस्टमध्ये भरायची होती. आता जून चालला होता, आणि शिगेरुंच्या पोटातल्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी नववर्षापलीकडचं काही बोलायचं टाळलं होतं. दोन्हींच्या मध्ये एक हिवाळा बसत होता. जेमतेम, पण बसत होता.

रायफल तयार घ्यायची नाही, केनच्या मापाने घडवायची, हे शिगेरुंनी कधीच ठरवून ठेवलं होतं. दस्त्यासाठी अक्रोडाचा ठोकळा कोठारात अकरा वर्षं वाळत पडला होता. अडलं होतं ते काडतुसापाशी. नळी कोणती मागवायची, यंत्रणा केवढी घ्यायची, हे सगळं काडतुसावरून ठरतं. आणि केन काही बोलत नव्हता.

"थर्टी-ओ-सिक्स," त्या रविवारी शिगेरु पलंगावर उशीला टेकून म्हणाले. "चाळीस वर्षं मी तेच वापरलं. डुकराला एकदा लागलं की ते लांब जात नाही. धक्का देतं, पण तुझा खांदा भक्कम आहे. हो ना?"

"हो, ओतोसान." वडिलांना केन जपानीतच हाक मारी.

"दुकानदार ओनोदेरा म्हणतो, हल्ली पोरं सिक्स-पॉइंट-फाइव्ह घेतात. सडपातळ काडतूस, धक्का नाहीच म्हण. पण समोर अस्वल आलं तर? तुला काय वाटतं?"

"तुम्हीच ठरवा ना."

"अरे, बंदूक तुझी!"

"त्याची बायकोसुद्धा मीच पसंत केली, शिगेरु-सान," मीनाक्षीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "काडतूस त्याला कुठून जमणार?"

शिगेरु पोट धरून हसले. हसताना दुखतं, हे ते विसरत. केन मात्र हसला नाही. तो उठला आणि कचरा वेगळा करायचं निमित्त काढून बाहेर गेला. असा हा पाचवा रविवार होता.

मंगळवारी मीनाक्षीबाईंनी चांगली साडी नेसून बस धरली आणि त्या ओनोदेरांच्या बंदुकीच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. सत्तरीचे ओनोदेरा लगबगीने उठले.

"ओकु-सान, बाईसाहेब! तुम्ही स्वतः?"

"बापलेकांनी घोळ घातलाय, तो मिटवायला आले. थर्टी-ओ-सिक्स लिहा आणि नळी मागवा."

ओनोदेरांनी पेन उचललं नाही. गल्ल्यामागच्या खणातून त्यांनी दारू न भरलेली दोन नमुन्याची काडतुसं काढून समोर ठेवली. एक जाड, लांब आणि दुसरं करंगळीसारखं.

"लोकांना वाटतं, काडतूस जनावराकडे बघून निवडायचं," ते म्हणाले. "खरं तर ते खांद्याकडे बघून निवडायचं. धक्का मोठा असला की नेम हलतो, पुन्हा लागायला वेळ जातो. घायाळ जनावर तेवढ्यात झाडीत शिरतं. शेजारी दुसरा शिकारी असेल तर चिंता नाही, दुसरी गोळी तो झाडतो. म्हणून शिगेरु-साननी जड निवडलंय."

"मग झालं तर. मागवा."

"नाही मागवता येणार." ओनोदेरांनी मान खाली घातली. "केन-साननी घरी सांगितलं नाही का? त्यांची चारच वर्षं भरली आहेत."

मीनाक्षीबाईंनी खुर्ची ओढली. त्या कुणी सांगितल्याशिवाय बसल्या, हे ओनोदेरांना प्रथमच दिसत होतं.

"चार वर्षांपूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत चुकली," ओनोदेरा हळूहळू सांगू लागले. "बंदूक घेऊन पोलिसांकडे जायचं होतं. मी दोनदा फोन केला. ते म्हणाले, घरात सुतक आहे, तेरा दिवस बंदुकीला हात लावायचा नाही असा आईचा हुकूम आहे. मी म्हटलं, आईला समजावून सांगा. तर म्हणाले, आईला समजावून सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. नंतर त्यांनी नव्याने परवाना काढला. पण मोजणी पहिल्यापासून."

विश्वजित गेला तो मार्च. कोल्हापुरात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, आणि मीनाक्षीबाईंचा पासपोर्ट जपानी होता. व्हिसा हातात पडेपर्यंत भावाची राख पंचगंगेत गेलेली. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं, हे त्यांना पाठ होतं. तरी त्यांनी तेरा दिवस पाळले आणि घराला पाळायला लावले. दुसरं काही करणं हातात नव्हतंच.

चौथ्या दिवशी केन दारात उभा राहिला होता. "आई, बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात..." एवढंच तो बोलला होता.

"सुतकात शस्त्र उंबर्‍याबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "जपानचे पोलीस काय पळून चाललेत?"

चौथ्या दिवशी. शास्त्राने त्यांचं सुतक आदल्या दिवशीच फिटलं होतं.

केन त्यांना घ्यायला गाडी घेऊन आला. ओनोदेरांनी त्याला फोन केला असणार, कारण तो आईच्या चेहर्‍याकडे पाहत नव्हता.

"का नाही सांगितलंस?"

"तू मामासाठी किती रडत होतीस. मी तुला त्याआधी रडताना पाहिलंच नव्हतं, आई." सिग्नल हिरवा झाला तरी तो थांबूनच राहिला, मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा निघाला. "आणि अर्ज शेवटच्या दिवसावर मीच ठेवला होता. नंतर ओतोसान वर्षं मोजायला लागले. दर वाढदिवसाला म्हणायचे, आता तीन, आता दोन. कसं सांगणार?"

"आणि आता?"

"आता सांग, थर्टी-ओ-सिक्स मागवलं म्हणून. परदेशातून यायला वेळ लागतो म्हणू. त्यांना काय कळणार आहे? हिवाळ्यापर्यंत..."

मीनाक्षीबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांनी आयुष्यात कधी नवर्‍याची माफी मागितली नव्हती. आमटी खारट झाली तरी 'आज अशीच करायची होती' म्हणत. पण शिगेरुंना खोटं सांगितल्याचंही त्यांना आठवत नव्हतं. दोन्ही गोष्टी आजवर एकाच वेळी जमत होत्या.

"गाडी लावून तू बाहेरच थांब," घर आलं तेव्हा त्या म्हणाल्या.

शिगेरु जागे होते. मीनाक्षीबाईंनी दार लोटून घेतलं, पलंगाशी खुर्ची घेतली, आणि सगळं सांगितलं. केनचा अर्ज, पोलीस, चौथा दिवस. स्वतःच्या बाजूने एक शब्द त्यांनी घातला नाही. शेवटी म्हणाल्या, "मुलगा गप्प राहिला ते माझ्या धाकाने. तुमचा हिवाळा मी घालवला."

शिगेरु छताकडे पाहत होते. बाहेर केनच्या गाडीचं दार उघडल्याचा आणि पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला.

"सहा वर्षांनी केन किती वर्षांचा असेल?" त्यांनी विचारलं.

"सेहेचाळीस."

"ओनोदेराने नमुने दिलेत?"

मीनाक्षीबाईंनी पर्समधून दोन्ही काडतुसं काढून शिगेरुंच्या तळहातावर ठेवली. हात आता इतका दुबळा झाला होता की दोन नमुन्यांनीही तो गादीत रुतला. शिगेरुंनी जाड काडतूस अंगठ्याने फिरवून पाहिलं, त्याची पितळी कड चाचपली, आणि ते पांघरुणावर बाजूला ठेवलं.

"मग सिक्स-पॉइंट-फाइव्ह."

"का? पाच रविवार तुम्ही..."

"ते मी शेजारी असणार म्हणून." ते थांबून, श्वास घेऊन बोलत होते. "एकटा असेल तर दुसरी गोळीही त्यालाच झाडावी लागेल. नेम हलता कामा नये. हलकंच बरं."

मीनाक्षीबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण तो आवरेना.

"रागवा तरी," त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षांत एकदा तरी रागवा!"

"कागद घे, मीना."

त्यांनी औषधांच्या यादीचा कागद उलटा केला.

"काडतूस लिही. हा कागद ओनोदेराकडे ठेवायला सांग. अक्रोडाचं लाकूड आहे तिथेच राहू दे, दस्ता त्या वेळच्या मापाने करायचा. माणूस पन्नाशीकडे जाताना जाड होतो." त्यांनी डोळे मिटले. मीनाक्षीबाईंना वाटलं, झोप लागली. मग ते म्हणाले, "आणि लिही, एकटा असताना अस्वल दिसलं तर परत फिर."

"हे तुम्ही त्याला स्वतः सांगा. तो बाहेरच आहे."

"सांगेन. पण सहा वर्षांनी माझं बोलणं त्याला आठवेल की नाही, कोण जाणे. तुझ्या अक्षरात लिही. तुझा हुकूम तो मोडत नाही."

मीनाक्षीबाईंनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत आलं. हाताला दुसरी सवयच नव्हती. लिहून झाल्यावर त्यांनी कागद शिगेरुंच्या डोळ्यांसमोर धरला. मराठी वाचता येत नसूनही त्यांनी तो ओळीने पाहिला आणि मान हलवली.

मग त्या दाराशी गेल्या आणि त्यांनी केनला हाक मारली. ती इतकी हळू निघाली की त्याला ऐकूच गेली नाही. त्यांना दुसर्‍यांदा बोलवावं लागलं.